लिब्रेवुल्फ: बंद केला की लॉगआउट, वेळ चुकीची, बदल टिकत नाही. नेमकं काय तपासायचं?

लिब्रेवुल्फबद्दलच्या तक्रारी मोजक्याच आहेत, फक्त शब्द बदलून पुन्हापुन्हा येतात. ब्राउझर बंद करून उघडला की सगळीकडून लॉगआउट झालेलं असतं. कॅलेंडरमध्ये किंवा चॅटमध्ये वेळ काही तासांनी मागेपुढे दिसते. सिस्टिमला डार्क थीम असूनही साइट पांढरीफटक उघडते. यावर लोक करतात तो पहिला उपायही ठरलेला: काढून टाका, पुन्हा इन्स्टॉल करा. त्याने काहीही होत नाही. नवीन प्रोफाइल बनवूनही होत नाही.

कारण सरळ आहे. लिब्रेवुल्फ म्हणजे फायरफॉक्सचाच कोड, त्यातली टेलिमेट्री (वापराची माहिती कंपनीला पाठवणारा भाग) काढलेली, जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारं यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन आधीच बसवलेलं आणि सोबत एक लांबलचक कॉन्फिग फाइल. ही फाइल तुमच्या प्रोफाइलमध्ये नसते. ती ब्राउझरसोबत इन्स्टॉल होते आणि प्रत्येक प्रोफाइलला लागू होते. तुम्हाला खटकणारं वागणं त्या फाइलीत कुणीतरी विचार करून लिहून ठेवलेलं असतं. पुन्हा इन्स्टॉल केलं की तीच फाइल पुन्हा येते, त्यामुळे तक्रारही पुन्हा येते.

म्हणून आधी दोष कुठल्या थरात आहे ते ठरवा. तीन थर आहेत: साइट स्वतः, एक्स्टेन्शन्स आणि लिब्रेवुल्फच्या सेटिंग्ज.

तीच साइट साध्या फायरफॉक्सच्या कोऱ्या प्रोफाइलमध्ये उघडून पाहा. तिथेही बिघडली असेल तर लिब्रेवुल्फला हात लावू नका. तिथे नीट चालत असेल तर लिब्रेवुल्फमध्ये त्या साइटपुरतं यूब्लॉक बंद करा (त्याच्या खिडकीतलं मोठं पॉवर बटण) आणि पान पुन्हा लोड करा. चाललं, तर दोष कुठल्यातरी फिल्टर यादीचा. नाही चाललं, तर मेनूतल्या हेल्पमधून ट्रबलशूट मोड सुरू करा. त्यात सगळी एक्स्टेन्शन्स बंद होतात. पण त्यात लिब्रेवुल्फच्या स्वतःच्या सेटिंग्ज चालूच राहतात हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ‘सेफ मोडमध्येही (ट्रबलशूट मोडचं जुनं नाव) तेच होतंय, म्हणजे ब्राउझरच बिघडलाय’ हा निष्कर्ष इथे चुकतो. ट्रबलशूट मोडमध्येही तेच होत असेल तर उत्तर सेटिंग्जमध्ये आहे.

दर वेळी लॉगआउट होणं

लिब्रेवुल्फ बंद होताना कुकीज आणि साइट डेटा पुसतो. ही त्याची मूळ सेटिंग आहे. लॉगिन कुकीत असतं, कुकी गेली की लॉगिन गेलं. बँक, ईमेल, चॅट कुठल्याही साइटला तुम्ही दर वेळी नवीन उपकरणावरून आल्यासारखे दिसता, त्यामुळे ओटीपी आणि ‘नवीन लॉगिन आढळलं’ अशा मेल्सचा पाऊसही याच कारणाने पडतो.

उपाय म्हणजे ज्या साइट्सवर लॉगिन टिकायला हवं त्यांना अपवाद देणं. सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग कुकीज अँड साइट डेटा, तिथे मॅनेज एक्सेप्शन्स. साइटचा पत्ता लिहा, अलाउ दाबा, सेव्ह चेंजेस दाबा. एवढं सगळ्यांना माहीत असतं, तरीही ‘अपवाद दिला, पण लॉगआउट होतंच’ ही तक्रार थांबत नाही. त्यामागची कारणं ओळीने पाहू.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते बटणात. तिथे अलाउच्या शेजारी ‘अलाउ फॉर सेशन’ असं दुसरं बटण असतं. त्याचा अर्थच असा की कुकी चालू सत्रापुरती ठेवा आणि ब्राउझर बंद झाला की टाकून द्या. म्हणजे आपण नेमका उलटा अपवाद दिलेला असतो. यादीत साइटच्या नावापुढे काय लिहिलंय ते एकदा वाचा. त्यानंतरची चूक म्हणजे सेव्ह चेंजेस न दाबताच खिडकी बंद करणं. नाव यादीत दिसतं, म्हणून काम झालं असं वाटतं.

मग पत्त्याचा घोळ. लोक अॅड्रेस बारमधून अख्खा पत्ता उचलतात, त्यात पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू किंवा मेल, अॅप असलं काहीतरी असतं. मूळ नावाला दिलेला अपवाद त्याखालच्या उपनावांना लागू होतो, पण उपनावाला दिलेला वर मूळ नावापर्यंत पोचत नाही. म्हणून एचटीटीपीएससकट मूळ नाव टाका, बाकी काही नको. एचटीटीपी आणि एचटीटीपीएस यांच्या नोंदी वेगळ्या धरल्या जातात. लिब्रेवुल्फ एचटीटीपीएस-ओन्ली मोडमध्येच येतो, म्हणजे फक्त सुरक्षित एचटीटीपीएसनेच साइट उघडतो, तेव्हा तुम्हाला हवी ती एचटीटीपीएसची नोंद.

चौथं कारण शोधायला थोडं चिकाटीचं: लॉगिन भलत्याच डोमेनवर होत असतं. तुम्ही व्हिडिओच्या साइटवर असता, लॉगिनचं बटण दाबता आणि पासवर्ड मागणारं पान दुसऱ्याच नावाचं असतं. यूट्यूब हे ठळक उदाहरण, त्याचं लॉगिन गूगलच्या डोमेनवर होतं. नुसत्या यूट्यूबला अपवाद देऊन भागत नाही. ऑफिसची सिंगल साइन-ऑनवाली (एकाच लॉगिनवर चालणारी) साधनं, विद्यापीठांची पोर्टल्स यांचंही असंच. लॉगिन करताना अॅड्रेस बारवर नजर ठेवा आणि जी जी नावं येऊन जातात ती टिपा.

इथे एक सावधगिरी. ज्या कंपनीचे तुकडे, म्हणजे जाहिराती, बटणं, फॉन्ट, व्हिडिओ, इतर असंख्य साइट्सवर पेरलेले असतात, तिच्या डोमेनला कायमचा अपवाद देणं महागात पडतं. कुकीचा असा अपवाद ती साइट समोर उघडी असतानापुरता नसतो, दुसऱ्या साइटच्या पानात ती लपून आली तरी त्याचा उपयोग होऊ शकतो. ज्यासाठी लिब्रेवुल्फ घेतला त्यालाच भोक पाडल्यासारखं आहे ते. अशा खात्यांसाठी अबाउट:प्रोफाइल्स या पानावरून वेगळं प्रोफाइल बनवा, अपवाद तिथेच द्या आणि रोजचं फिरणं पहिल्या प्रोफाइलमध्ये ठेवा. मला ही पद्धत सगळ्यात कमी कटकटीची वाटते. दोन खिडक्या वेगवेगळ्या थीमच्या ठेवल्या की गोंधळही होत नाही.

पाचवं कारण साइटच्या बाजूचं. काही कुकीजना मुदतच नसते, त्या सत्रापुरत्याच दिलेल्या असतात. अपवाद असो वा नसो, ब्राउझर बंद झाला की त्या जातात. लॉगिनच्या पानावरची ‘रिमेंबर मी’ची चौकट टिक केली की बहुतेक साइट्स मुदतीची कुकी देतात. बँका मुद्दाम देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, तिथे वेळ घालवू नका.

उरलेली कारणं पटकन: हिस्ट्रीची सेटिंग ‘नेव्हर रिमेंबर’वर असेल तर सगळंच प्रायव्हेट विंडोसारखं चालतं आणि अपवादांना अर्थ राहत नाही. कुकीज पुसणारं वेगळं एक्स्टेन्शन बसवलं असेल तर ते स्वतःची यादी पाळतं, तुमची नाही. लिब्रेवुल्फमध्ये त्याची गरजही नाही. आणि कंट्रोल-शिफ्ट-डिलीट दाबून हाताने डेटा पुसला तर अपवादांची यादी त्याच्या आड येईल असं धरून चालू नका. ती यादी ब्राउझर बंद होतानाच्या सफाईसाठी आहे.

अर्थात, बंद होताना कुकीज पुसण्याची सेटिंगच काढून टाकणं हाही मार्ग आहे. स्वतःच्या एकट्याच्या मशीनवर ते केलं तर आभाळ कोसळत नाही. एका साइटवरची कुकी दुसरीला वाचता येऊ नये याची सोय, म्हणजे टोटल कुकी प्रोटेक्शन, तरीही चालू राहते. पण एकेक साइट तुम्हाला महिनोन्महिने त्याच नावाने ओळखत राहील, हे माहीत असून करा.

आणखी एक: लिब्रेवुल्फ पासवर्ड जतन करायचं विचारतच नाही, कारण आतला पासवर्ड मॅनेजर बंद ठेवलेला असतो. कीपासएक्ससी किंवा बिटवॉर्डनसारखं पासवर्ड सांभाळणारं साधन लावलं तर पुन्हा लॉगिन करणं काही सेकंदांचं काम उरतं आणि अपवादांची यादी आपोआप छोटी राहते.

वेळ चुकीची दिसणं

आधी एक परीक्षा. दिसणारी वेळ आणि खरी वेळ यांतला फरक काढा. तो फरक तुमच्या प्रदेशाच्या यूटीसीपासूनच्या (जगाची प्रमाण वेळ) अंतराएवढा बरोबर असेल, तर मशीनचं घड्याळ ठीक आहे, साइटही ठीक आहे. फरक काही मिनिटांचा किंवा वेडावाकडा असेल तर मात्र सिस्टिमचं घड्याळ तपासा. ते फार चुकलं असेल तर एचटीटीपीएसची प्रमाणपत्रंही नाकारली जातात.

पहिल्या प्रकारात कारणीभूत असतं रेझिस्ट फिंगरप्रिंटिंग, सोयीसाठी आरएफपी म्हणू. हे टॉर ब्राउझरच्या (वापरणाऱ्याची ओळख लपवणारा ब्राउझर) कामातून फायरफॉक्समध्ये आलेलं तंत्र आहे. फायरफॉक्समध्ये ते मुळात बंद असतं, लिब्रेवुल्फमध्ये चालू. त्याची गरज का पडली ते २०१० साली पीटर एकर्सली यांनी ईएफएफ या डिजिटल हक्कांच्या संस्थेसाठी केलेल्या पॅनोप्टिक्लिक या प्रयोगात दिसलं होतं. जवळपास ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, त्यांतले ८३.६ टक्के इतरांपेक्षा वेगळे ओळखता आले, आणि त्यासाठी एकही कुकी लागली नाही. फॉन्टची यादी, प्लगइन्स, स्क्रीनचा आकार, टाइम झोन, असल्या बारीकसारीक गोष्टी एकत्र केल्या की माणूस गर्दीतून वेगळा दिसतो. आरएफपी या सगळ्या गोष्टी सगळ्यांच्या सारख्या करून टाकतं. सगळ्यांनी एकाच रंगाचा रेनकोट घातला की पाठीमागून कोण कुठला ते कळत नाही, तसं. टाइम झोन त्यातलीच एक गोष्ट, म्हणून साइटने विचारलं की उत्तर जातं: यूटीसी.

ज्या साइट्स वेळ तुमच्या खात्यातल्या सेटिंगवरून ठरवतात त्या बरोबरच दाखवतात. ज्या ब्राउझरला विचारतात त्या चुकतात. तेव्हा पहिला उपाय साइटच्या आत आहे. वेबमेल, कॅलेंडर, मीटिंगची साधनं यांच्या सेटिंग्जमध्ये टाइम झोन हाताने निवडा, आपोआप ओळखण्याचा पर्याय बंद करा. कॅलेंडरच्या बाबतीत हे टाळू नका. तिथे नुसती वेळ चुकीची दिसत नाही, तुम्ही टाकलेली नवी मीटिंगही चुकीच्या वेळेला जतन होऊ शकते, आणि ती पुढे सगळ्या निमंत्रितांना तशीच जाते.

साइटमध्ये तशी सोय नसेल तर तेवढ्या साइटला आरएफपीतून वगळा. अॅड्रेस बारमध्ये अबाउट:कॉन्फिग उघडा आणि शोधपेटीत एक्झेम्प्टेडडोमेन्स हा शब्द रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहा. आरएफपीच्या नावाने सुरू होणारी एक नोंद दिसेल, तिच्यात आधीच एक बनावट नमुना पत्ता असतो. स्वल्पविराम देऊन त्यापुढे तुमची साइट जोडा. मूळ नाव एकदा आणि पुढे तारा व टिंब लावलेलं रूप एकदा, असं दोनदा लिहा, म्हणजे उपनावंही येतात. पान पुन्हा लोड केल्यावर वेळ सुधारलेली दिसली पाहिजे.

सगळीकडेच वेळ आणि डार्क थीम हवी असेल, पण बाकीचं कवच सोडायचं नसेल, तर थोडा खोल उपाय आहे. फायरफॉक्समध्ये आरएफपीचा धाकटा भाऊ आहे, फिंगरप्रिंटिंग प्रोटेक्शन नावाचा. त्यातली एकेक गोष्ट सुटी चालू-बंद करता येते. अबाउट:कॉन्फिगमध्ये आरएफपी फॉल्स करा, प्रायव्हसी.फिंगरप्रिंटिंगप्रोटेक्शन ट्रू करा आणि त्याच नावाच्या पुढे ओव्हरराइड्स असलेल्या नोंदीत हे लिहा: +ऑलटार्गेट्स,-जेएसडेटटाइमयूटीसी,-सीएसएसप्रिफर्सकलरस्कीम. अर्थातच रोमन लिपीत. जेएस, यूटीसी आणि सीएसएस ही पूर्ण मोठ्या अक्षरांत, बाकी प्रत्येक शब्दाचं फक्त पहिलं अक्षर मोठं, मध्ये कुठेही जागा नाही. अधिकच्या चिन्हाने सगळं चालू होतं, उण्याच्या चिन्हाने त्यातल्या दोन गोष्टी वगळल्या जातात: यूटीसीचा आग्रह आणि फिकट थीमचा आग्रह.

एवढं केल्यावर तुम्ही लिब्रेवुल्फच्या बाकी गर्दीपेक्षा थोडे वेगळे दिसाल. टाइम झोन उघड झाला की ढोबळ प्रदेश कळतो, पण व्हीपीएन किंवा टॉर नसेल तर आयपी पत्त्यावरून तो तसाही कळतोच. रोजच्या वापरासाठी मला हा सौदा मान्य आहे. ज्याच्या जिवावर बेतू शकतं त्याने लिब्रेवुल्फमध्ये खटपट करण्याऐवजी टॉर ब्राउझरच वापरावा, आणि त्यातली एकही सेटिंग बदलू नये.

आरएफपीची बाकीची पिल्लं

डार्क थीमचं वर आलंच. विंडो दर वेळी ठरावीक आकाराची उघडते (जास्तीत जास्त १६०० बाय ९००), तेही याचंच काम. मोठी करून घ्या, ब्राउझर रागावत नाही. एखाद्या साइटवर झूम वाढवलं आणि पुढच्या वेळी ते विसरलं गेलं, हेही तेच. साइटनिहाय झूम आरएफपीत लक्षात ठेवलं जात नाही. पानाभोवती राखाडी पट्ट्या दिसत असतील तर लेटरबॉक्सिंग चालू झालंय. सेटिंग्जमधल्या लिब्रेवुल्फ नावाच्या विभागात त्याचा खटका आहे.

एक प्रकार मात्र लोकांना खरंच घाबरवतो. प्रोफाइलचा फोटो अपलोड केला आणि तो रंगीबेरंगी ठिपक्यांचा किंवा पट्ट्यांचा होऊन गेला. फाइल खराब झालेली नसते. ती साइट फोटो लहान करण्यासाठी ब्राउझरच्या कॅनव्हासवर (पानातली चित्र काढण्याची जागा) रंगवते आणि परत वाचते. कॅनव्हास वाचणं हा फिंगरप्रिंटिंगचा जुना मार्ग असल्यामुळे लिब्रेवुल्फ साइटच्या हाती यादृच्छिक रंग ठेवतो. अपलोड करताना अॅड्रेस बारच्या डाव्या टोकाला छोटं चित्राचं चिन्ह येतं, त्यावर क्लिक करून तेवढ्या साइटला परवानगी द्या आणि फोटो पुन्हा चढवा. चिन्ह इतकं बारीक असतं की पुष्कळ जण ते न पाहताच ब्राउझर बदलून मोकळे होतात.

नकाशे किंवा थ्रीडी साइट्स कोऱ्या दिसणं हे आरएफपीचं काम नाही, तिथे वेबजीएल, म्हणजे ब्राउझरमध्ये थ्रीडी चित्रं काढण्याचं तंत्र, बंद असतं. त्याचाही खटका लिब्रेवुल्फच्या विभागात आहे. सशुल्क चित्रपट-मालिकांच्या साइट्स चालत नसतील तर जनरलमध्ये डीआरएमचा (नक्कल रोखणारं कुलूप) पर्याय चालू करा. त्यासाठी गूगलचा वाइडवाइन हा बंदिस्त कोडचा भाग उतरवला जातो, म्हणूनच तो मुळात बंद ठेवलाय.

सार्वजनिक वाय-फायचं लॉगिन पान न उघडणं

फोनवर पान आपोआप येतं आणि लिब्रेवुल्फमध्ये नुसतं लोडिंग फिरत राहतं. अशा नेटवर्कची चाचपणी करणारी फायरफॉक्सची सेवा इथे बंद आहे, आणि वरून एचटीटीपीएस-ओन्ली मोड आहे. नेव्हरएसएसएल.कॉम ही साइट साध्या एचटीटीपीने उघडा, येणाऱ्या इशाऱ्यात एचटीटीपी साइटवर पुढे जाण्याचं बटण दाबा. वाय-फायवाल्याचं पान समोर येईल.

‘मी बदलतो, पुन्हा उघडला की जैसे थे’

अबाउट:कॉन्फिगमध्ये केलेला बदल लिब्रेवुल्फ स्वतःहून उलटवत नाही. उलटवला जात असेल तर तुमच्याच मशीनवर दुसरी फाइल तो उलटवते आहे. अबाउट:सपोर्ट उघडा. प्रोफाइलमध्ये यूजर.जेएस फाइल असेल तर ते पान तसं स्पष्ट सांगतं. ही फाइल दर सुरुवातीला वाचली जाते आणि तिच्यातली मूल्यं तुमच्या बदलांवर चढतात. आर्केनफॉक्स या प्रकल्पाची तयार कडक सेटिंग्जची यूजर.जेएस लिब्रेवुल्फवर चढवणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. ती साध्या फायरफॉक्ससाठी बनवली आहे. दोन कडक बंदोबस्त एकावर एक चढवून सुरक्षा दुप्पट होत नाही, कोडं मात्र दुप्पट होतं. एक ठेवा.

यूजर.जेएस नसेल तर होम फोल्डरमधलं, सहसा टिंबाने सुरू होणारं, लिब्रेवुल्फ नावाचं फोल्डर पाहा (फ्लॅटपॅक या लिनक्सवरच्या पॅकेज प्रकारात ते फ्लॅटपॅकच्या स्वतःच्या डेटा फोल्डरात असतं). तिथे लिब्रेवुल्फ.ओव्हरराइड्स.सीएफजी नावाची फाइल असू शकते. तुमचे कायमचे बदल ठेवण्याची खरी जागा हीच. फक्त शब्द नीट वापरा: डिफॉल्टप्रेफ लिहिलं तर ती मूळ किंमत ठरते आणि पुढे अबाउट:कॉन्फिगमधून बदलता येते, प्रेफ लिहिलं तर दर सुरुवातीला पुन्हा लादली जाते, लॉकप्रेफ लिहिलं तर कुलूपच लागतं. जुनी ओव्हरराइड्स फाइल विसरून गेलेले लोक बहुधा प्रेफमध्ये अडकलेले असतात.

‘तुमचा ब्राउझर जुना आहे’ असं साइट सांगत असेल तर आधी तिच्यावर विश्वास ठेवा. लिब्रेवुल्फ स्वतःला अपडेट करत नाही. विंडोजवर इन्स्टॉलरसोबत विनअपडेटर घेता येतो, तो घेतला नसेल तर तुम्ही कितीतरी आवृत्त्या मागे असाल. लिनक्सवर पॅकेज मॅनेजर, मॅकवर होमब्रू. सुरक्षेची भोकं बुजवणारे बदल फायरफॉक्सकडून याच वाटेने येतात, त्यामुळे वरच्या सगळ्या यादीत आळस परवडणार नाही अशी हीच एक गोष्ट.

हे सगळं करूनही अडलं, तर कोडबर्ग या कोड ठेवण्याच्या साइटवर प्रकल्पाची तक्रारपेटी आहे. तिथे लिहिताना आवृत्तीचा क्रमांक, ऑपरेटिंग सिस्टिम, कुठून इन्स्टॉल केलं, कोऱ्या प्रोफाइलमध्ये आणि साध्या फायरफॉक्समध्ये काय झालं, आणि ओव्हरराइड्स फाइल असेल तर तिचा मजकूर एवढं द्या. साध्या फायरफॉक्समध्येही तोच दोष दिसत असेल तर तक्रार मोझिलाच्या बगझिलावर टाका, लिब्रेवुल्फवाले तुम्हाला तिकडेच पाठवतील.